बाप नाशिकला, आई न्यू जर्सीत: भाचीला परत पाठवतानाचा माझा अनुभव

भाऊजी भाचीला घेऊन नाशिकला आले ते त्यांच्या वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी. परतीची तिकिटं काढलेली होती. ठरलेल्या दिवशी विमानात कुणी बसलंच नाही. न्यू जर्सीत ताईला मेसेज गेला, की आम्ही आता इथेच राहणार, शाळा बघून झाली आहे, तुझं काय ते तू ठरव. भाची तेव्हा सहा वर्षांची होती. जन्म तिकडचा, पासपोर्ट अमेरिकन. ताईनं दोन फोन केले, एक तिथल्या वकिलाला आणि एक मला, डोंबिवलीला.

ताई स्वतः का आली नाही, हा प्रश्न आम्हाला नातेवाइकांनी इतका विचारला की शेवटी मी उत्तर पाठ करून टाकलं. तिच्या पासपोर्टवरचा एच-१बीचा, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाचा, शिक्का संपलेला होता. तिथे राहून नोकरी करायला त्याची अडचण नसते, पण एकदा बाहेर पडलं की नव्या शिक्क्यासाठी वकिलातीत मुलाखत, आणि तिची तारीख कधी मिळेल त्याचा भरवसा नाही. ती इथे अडकली असती तर नोकरी गेली असती, मग घर, आणि मग समोरचा वकील उभा राहून म्हणाला असता, आई इथे, बाप इथे, मुलीला अमेरिकेत कुणाकडे पाठवायचं? म्हणून इथली धावपळ माझ्याकडे आली.

आधी नाशिकला पोलीस ठाण्यात गेलो. तिथले हवालदार सरळ माणूस होते. म्हणाले, "साहेब, बापानं स्वतःची मुलगी घरी आणली, याला आम्ही अपहरण कसं म्हणायचं?" कायद्यानं ते चूक नव्हते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप येतो. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावं असं आहे, पण भाचीनं पाच ओलांडलेली. तरी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. गुन्हा नोंदवला जाणार नाही हे माहीत असूनही ही पोच घ्यावी. आई पहिल्या आठवड्यापासून मुलगी परत मागते आहे, हे त्या एका शिक्क्यावरून पुढे दाखवता आलं.

मग हेग करार. ताईनं इंटरनेटवर सगळं वाचून ठेवलं होतं. २५ ऑक्टोबर १९८० चा हा करार शंभराहून जास्त देशांनी स्वीकारला आहे. सोळा वर्षांखालचं मूल एका पालकानं परस्पर दुसऱ्या देशात नेलं, तर ताबा कुणाकडे हा वाद त्या देशात उकरायचा नाही. मूल जिथून नेलं तिथे आधी परत पाठवायचं आणि तिथल्या कोर्टानं काय ते ठरवायचं. भारत या करारात नाही. विधी आयोगानं २००९ मध्ये सामील व्हा म्हणून शिफारस केली, २०१६ मध्ये पुन्हा विधेयकाच्या मसुद्यासह अहवाल दिला. नंतर न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. कायदा झालेला नाही.

यावर ताई फार चिडायची. मला तेवढा राग येत नव्हता. करार न स्वीकारण्यामागचं मोठं कारण असं सांगतात, की परदेशातून मुलं घेऊन परत येणाऱ्यांत नवऱ्याच्या त्रासाला कंटाळून पळालेल्या आपल्या मुलीच पुष्कळ असतात, आणि करार त्यांना मुलासकट परत धाडेल. ही भीती खोटी नाही. उद्या माझीच बहीण मार खाऊन पोरगी काखेला घेऊन दारात उभी राहिली असती, तर मी हेगचं नावही काढलं नसतं. आमचं प्रकरण तसं नव्हतं, एवढंच. पण हे वेगळं आहे हे प्रत्येकाला कोर्टात सिद्धच करावं लागतं.

करार नाही म्हणजे उरला उच्च न्यायालयाचा रस्ता: घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली हेबिअस कॉर्पस, म्हणजे त्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करा असा आदेश मागायचा. हा अर्ज दुसऱ्याच्या वतीनंही करता येतो. म्हणून ताई अर्जदार आणि तिच्यासाठी सही करणारा मी.

फोर्टातल्या ज्या वकीलबाई आम्हाला मिळाल्या त्यांनी पहिल्याच बैठकीत माझा कच्चा मसुदा वाचला. मी तावातावानं पानंच्या पानं लिहिली होती: भाऊजींनी कसं फसवलं, तिकिटं कशी दाखवली, आईवडिलांना कसं पुढे केलं. त्यांनी पेन घेऊन बहुतेक सगळं खोडलं. म्हणाल्या, "फसवणूक मला एका परिच्छेदात द्या. बाकीची पानं मुलीची हवीत. ती सकाळी किती वाजता उठायची, शाळेत कुणाबरोबर जायची, डॉक्टर कोण, आई ऑफिसात असताना तिच्याजवळ कोण असायचं. जज तेच विचारणार आहेत."

मग त्यांनी समजावलं. १९८६ मध्ये मिशिगनहून बापानं पुण्याला आणलेला मुलगा सर्वोच्च न्यायालयानं अमेरिकन आईकडे परत दिला, तो एलिझाबेथ दिनशॉ खटला. २००९ मध्ये रविचंद्रन खटल्यात आई मुलाला घेऊन दोन वर्षं गावोगाव फिरत होती. कोर्टानं सीबीआयला शोधायला लावलं, मुलगा चेन्नईत सापडला आणि त्याला अमेरिकेला परत न्यायचा आदेश झाला. ही ऐकून मी खूश झालो, तर बाईंनी २०१७ चा नित्या आनंद राघवन निकाल पुढे सरकवला. त्यानंतर परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक झाला. आधी कुणी कोर्ट गाठलं यालाही पूर्वीचं वजन राहिलं नाही. मुलाचं हित सगळ्यात वर. २०२० च्या यशिता साहू आणि २०२२ च्या रोहित थम्मन्ना गौडा निकालांत मुलं अमेरिकेला परत गेली, पण तीही त्या मुलांचं हित तिथे आहे असं कोर्टाला पटलं म्हणून.

तरीही न्यू जर्सीचा आदेश लागतच होता, आणि लवकर. मूल सलग सहा महिने ज्या राज्यात राहिलं ते अमेरिकन कायद्यात त्याचं 'होम स्टेट'. तिथल्या फॅमिली कोर्टानं तातडीच्या सुनावणीत तात्पुरता ताबा ताईला दिला आणि भाऊजींना मुलीला परत आणायला सांगितलं. त्याची प्रमाणित प्रत, तिच्यावर राज्याच्या ट्रेझरी खात्याकडून अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी दाखला), मग कुरिअर. माझ्या नावच्या कुलमुखत्यारपत्राचंही तसंच: आधी नोटरी, मग अपोस्टिल, आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क. ही तीन महिन्यांची गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. ठाण्याच्या मुद्रांक कार्यालयात मला एकानं विचारलं, "जमीन कुठली आहे?" मी म्हटलं, जमीन नाही, भाची आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि अर्ज वरच्या गठ्ठ्यात ठेवला.

अमेरिकन परराष्ट्र खात्यात मुलांच्या अशा प्रकरणांसाठी वेगळं कार्यालय आहे. ताईनं तिथे नोंद केली. ते वकिलांची यादी देतात, मुलाच्या नावानं कुणी नवा पासपोर्ट मागितला तर कळवतात, आणि दुसरा पालक तयार असेल तर वकिलातीतलं माणूस मुलाला भेटून येतं. भाऊजी आधी नाही म्हणाले, नंतर हो. अहवाल आला: मुलगी खेळते आहे, प्रकृती चांगली. ताई तो वाचून एकीकडे रडली, एकीकडे वैतागली. कोर्टात ते तुमच्या बाजूनं भांडणार नाहीत, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

अर्ज दाखल झाला, नोटीस निघाली आणि मी बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या खटल्यांची यादी, बघायला शिकलो. रात्री वेबसाइटवर आपला नंबर शोधायचा, सकाळची फास्ट लोकल, सीएसएमटीहून चालत कोर्ट, आणि दुपारी साडेचारला कळायचं की मॅटर पोहोचलंच नाही. मध्येच खंडपीठाचं काम बदललं. मध्येच मे महिन्याची सुट्टी. इतर खटल्यांत तारीख म्हणजे नुसती तारीख असते. इथे प्रत्येक तारखेला भाची नाशिकमध्ये आणखी थोडी रुळत होती, आणि समोरच्या बाजूला तेच हवं होतं. त्यांच्या प्रतिज्ञापत्रात नव्या शाळेचं प्रगतिपुस्तक, चुलत भावंडांबरोबरचे फोटो, गणपतीतला नाच, सगळं होतं. नाशिकच्या कुटुंब न्यायालयात त्यांनी पालकत्वाचा वेगळा अर्जही लावून ठेवला होता.

म्हणून माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात मोलाचा होता तो अंतरिम आदेश. त्यात मुलीचा पासपोर्ट कोर्टात जमा झाला, कोर्टाच्या परवानगीशिवाय तिला बाहेर नेऊ नये असं ठरलं, आणि रोज संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉल. संध्याकाळी आपल्याकडे सात म्हणजे ताईची सकाळ, ऑफिसच्या आधीची. पहिले काही कॉल वाईट गेले. आजी मागे उभी राहून "सांग ना, इथे किती मज्जा आहे" असं सुचवायची. ताईला आम्ही बजावलं होतं, रडायचं नाही, कधी येतेस विचारायचं नाही. ती गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायला लागली, रोज एक प्रकरण. हळूहळू भाची स्वतःच सातला मोबाइल घेऊन बसायला लागली. असा आदेश मिळत असेल तर अंतिम निकालाच्या नादात तो लांबवू नका.

मध्यस्थीत काही निघालं नाही. पण तिथे मला भाऊजींची अडचण पहिल्यांदा नीट कळली. (अजून तोंडात भाऊजीच येतं.) त्यांची तिथली नोकरी गेली होती, एच-१बी संपला होता, आणि ते घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मुलगी परत गेली तर आपल्याला ती दिसणारच नाही, ही त्यांची खरी धास्ती. वकीलबाईंनी ती लगेच टिपून घेतली. पुढच्या प्रतिज्ञापत्रात ताईनं लिहून दिलं: त्यांच्या व्हिसासाठी लागेल ती कागदपत्रं देईन, विमानाचं तिकीट माझं, सुरुवातीचे महिने वेगळ्या भाड्याच्या घराचा खर्च माझा, फौजदारी तक्रार करणार नाही. या हमींना आमच्याच घरात विरोध झाला. वडील म्हणाले, चोराला वर बक्षीस? पण याच अटी ताईनं न्यू जर्सीच्या कोर्टाकडूनही आदेशात घालून आणल्या. त्याला मिरर ऑर्डर म्हणतात. म्हणजे मुलगी तिथे पोहोचल्यावर आई शब्द फिरवू शकणार नाही, अशी इथल्या कोर्टाची खात्री होते.

न्यायमूर्तींनी भाचीला चेंबरमध्ये बोलावलं. आम्ही सगळे बाहेर. आत काय झालं ते आदेशात थोडक्यात आलं: मुलगी हुशार आहे, दोन्ही पालकांवर माया आहे, इथे राहायचं म्हणते कारण इथे मांजराची पिल्लं आहेत, आणि आई इथे आली तर बरं होईल असंही म्हणते. नंतर भर कोर्टात आमच्या बाजूला प्रश्न आले, ते वकीलबाईंनी सांगितल्याबरहुकूम. शाळा सुटल्यावर मुलगी कुठे असते? आजारी पडली तर? आई व्हिसावर आहे, तिची नोकरी गेली तर? प्रत्येकाला पानाचा क्रमांक तयार होता: शाळेचं पत्र, पाळणाघराची पावती, बालरोगतज्ज्ञांच्या नोंदी, विमा, घराचा भाडेकरार, आमची आई पर्यटक व्हिसावर जाऊन सहा महिने राहणार त्याचं पत्र. फसवणुकीचा तो परिच्छेद कुणी वाचलासुद्धा नाही.

आदेश आमच्या बाजूनं झाला. सर्वोच्च न्यायालयात जाता यावं म्हणून त्याला काही आठवड्यांची स्थगिती मिळाली. भाऊजी गेले, तिथे त्यांची याचिका दाखल होतानाच फेटाळली गेली.

मग विमानाच्या आधी एक फाटा फुटला. भाची आली होती ती साध्या पर्यटक व्हिसावर. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड करू करू म्हणत राहूनच गेलेलं. खटल्याच्या काळात व्हिसा संपला. व्हिसा संपलेल्या परदेशी नागरिकाला देश सोडायला एक्झिट परमिट लागतं, सात वर्षांची पोर असली तरी. ऑनलाइन अर्ज, त्याला कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, उशिराचं कारण. ज्यांच्या मुलांना ओसीआय नाही त्यांनी खटला चालू असतानाच कोर्टाकडून याबद्दल निर्देश मागून घ्यावेत.

कोर्टातून पासपोर्ट मी सोडवून आणला. भाचीला आमची आई घेऊन गेली. विमानतळावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं आदेश पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आई काउंटरवर उभीच. भाऊजी सोडायला आले होते. त्यांनी भाचीच्या बॅगेत मांजराच्या पिल्लांचे फोटो छापून ठेवले होते.

ताब्याचा खटला आता तिथे, न्यू जर्सीत चालू आहे. नाशिकचा अर्ज भाऊजींनी मागे घेतला. त्यांचा व्हिसा अजून झालेला नाही, म्हणून व्हिडिओ कॉल आता उलट दिशेनं होतो, आणि त्याची वेळ चुकली की दोघंही आधी मलाच फोन करतात.