मांजरपाटावरचा नकाशा आणि पत्र्याची ट्रंक: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा छपाईचा. छत्रपती संभाजीनगरात वडिलांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीच्या दिवसांत कापडी बॅनर. फ्लेक्स आला आणि कापडाचं काम जवळजवळ थांबलं. लांब टेबलं, चौकटी, रंगाचे डबे सगळं जागेवर होतं. छापायला काही नव्हतं. त्याच सुमाराला शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माझ्या बहिणीला वर्गात टांगायला एक नकाशा हवा होता: भडोच, पैठण, तेर आणि त्यांना जोडणारी वाट. असा नकाशा बाजारात मिळेना. तो आम्ही मांजरपाटावर छापला. जुन्या वाटा आणि प्रवास शाळांत आणि सहलींत उलगडून दाखवणाऱ्या आमच्या आजच्या फर्मची तीच पहिली वस्तू.

ही वाट आमची कल्पना नाही. पहिल्या शतकातल्या एका निनावी ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं अरबी समुद्रातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली आहे, तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे मोठं नगर असल्याची नोंद आहे. पैठणहून अकिकासारखे दगड आणि तगरहून साधं कापड, मलमल असा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई. हे तगर नेमकं कुठलं यावर बरीच वर्षं वाद होता. जुन्नर, देवगिरी अशी नावं पुढे आली होती. 1901 मध्ये इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी ते धाराशिव जिल्ह्यातलं तेर असल्याचं मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिलं. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच तेरणेच्या काठची मलमल समुद्रापार जात होती, हेही तिथल्या पोराला माहीत असायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं.

नकाशापाठोपाठ वस्तू गोळा होत गेल्या: अकिकाचे मणी, मातीच्या दिव्यांच्या आणि नाण्यांच्या प्रतिकृती, हातमागाचं कापड, प्रवाशांच्या वर्णनांची पत्रं. हे सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत मावलं. ती ट्रंक एसटीच्या टपावरून, कधी कुणाच्या जीपमधून, शाळाशाळांत फिरू लागली.

आमच्या कामाला खरी दिशा बीड जिल्ह्यातल्या एका हंगामी वसतिगृहात मिळाली. आईवडील ऊसतोडीला गेलेली मुलं तिथं राहतात. बहिणीनं नकाशा पसरला आणि विचारलं, “बैलगाडी दिवसाला किती चालते?” एका मुलानं उलट विचारलं, “भरलेली का मोकळी?” मग वर्गच सुरू झाला. बैल कुठं सोडायचे, पाणी नसेल तर मुक्काम कसा लांबतो, घाट लागला की जास्तीची जोडी कशी जुंपतात, लहान भावंडं कोणत्या गाडीत बसतात. मग आम्ही हिशेब मांडला. भडोच ते पैठण सरळ रेषेत मोजलं तरी साडेतीनशे किलोमीटर होतं. वीस दिवसांत म्हणजे दिवसाला किमान सतरा-अठरा, वळणं धरली तर वीसच्या वर. “भरल्या गाडीला बरोबर आहे,” असा निकाल त्या मुलांनी दिला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या व्यापाऱ्याचा आकडा तपासायचा अधिकार त्या मुलांना होता, आणि तो त्यांनी सहज वापरला. तेव्हापासून आमचा नियम आहे: आधी समोरच्याच्या घरातला प्रवास विचारायचा, मग पुस्तकातला सांगायचा.

बैलांवरून माल वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या शाळांत हाच अनुभव आला. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिरी ताव्हेर्निये यानं दहा-बारा हजार बैलांचे काफिले धान्य आणि मीठ वाहून नेताना पाहिल्याचं लिहिलं आहे. हे वाचून दाखवलं की पोरं घरी जाऊन म्हाताऱ्यांना घेऊन येतात. एका याडीनं (बंजारा बोलीत आई) बैलाच्या पाठीवर टाकायच्या गोणीची शिवण आम्हाला हातानं करून दाखवली. ती शिवण आता ट्रंकेत आहे, तिच्या परवानगीनं.

सहली नंतर सुरू झाल्या. गावात खोली भाड्यानं घ्यायची, पहाटे निघायचं आणि ज्यानं जे लिहिलं ते त्याच जागी वाचायचं. दौलताबादला चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता वाचतो. मुहम्मद तुघलकानं 1327 मध्ये देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला, राजधानी हलवली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण दिल्लीपासून इथवरची चाळीस दिवसांची वाट झाडांनी इतकी भरली होती की बागेतून चालल्यासारखं वाटे, हे फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. मैलाला तीन चौक्या, प्रत्येक चौकीवर टपालाचे जासूद, हातात घुंगरं बांधलेली काठी. आवाज आला की पुढचा तयार. सुलतान दौलताबादला असला की त्याच्यासाठी गंगेचं पाणीही असंच पळवत आणत. मुलांच्या हातात घुंगरांची काठी देऊन आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी हे पळणं करून घेतो. त्यानंतर चाळीस दिवस म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मोठ्या माणसांसाठी मात्र आमचा जीव आहे तो तीन रंगांच्या पत्त्यांवर, म्हणजे कार्डांवर. प्रवाशानं स्वतः पाहिलं ते निळ्या पत्त्यावर, त्यानं ऐकून लिहिलं ते तांबड्यावर, आणि आज अभ्यासकांनी बांधलेला तर्क पिवळ्यावर. दौलताबादच्या तुरुंगात मांजराहून मोठे उंदीर होते, हे इब्न बतूतानं तिथं कैदेत राहिलेल्या एकाकडून ऐकलं, पत्ता तांबडा. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगानं एका विहाराच्या दारी दोन बाजूंना दगडी हत्ती सांगितले आहेत. वर्णन अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याखालच्या हत्तींशी जुळतं. पण तो विहार अजिंठाच, हा पत्ता पिवळा. हत्तीसमोर उभं राहून लोक पत्ते लावतात, भांडतात, पुन्हा वाचतात. अर्धा तास कसा जातो कळत नाही.

अजिंठ्याची गोष्ट आम्ही जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्यापासून सुरू करत नाही. 28 एप्रिल 1819 ला तो दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथं त्यानं नाव कोरलं, ही नोंद आहे आणि ती आम्ही सांगतो. पण आमचा आरंभ कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांपासून असतो. तिथल्या खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळानं दिलेल्या दानाचा लेख आहे. पैठणच्या माणसानं घाटाच्या तोंडाशी दान दिलं, कारण त्याचा माल त्या वाटेनं जात असणार. हाही पिवळा पत्ता, पण माझा फार आवडता.

आणि महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी. ते कुठं राहिले, कोणत्या देवळात, त्याचं दार कोणत्या दिशेला, हे महानुभावांनी चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’त मराठीत टिपून ठेवलं. प्रवासाच्या जागांची इतकी काटेकोर नोंद आपल्याच भाषेत आहे, हे ऐकून पैठणच्या सहलीत कॉलेजच्या मुली अवाक होतात.

धंद्याचं सांगायचं तर हंगाम दिवाळी ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात आम्ही फक्त छापतो. शहरातल्या कंपन्या आणि पुण्या-मुंबईचे गट पूर्ण दर देतात, त्यावर जिल्हा परिषदेच्या शाळांची ट्रंक जवळपास प्रवासखर्चात जाते. टाळेबंदीत सगळं बंद पडलं तेव्हा मराठीत आणि दखनीत ध्वनिफिती केल्या. त्या आजही रिक्षावाले भाऊ पाहुण्यांना ऐकवतात, त्यातूनच कित्येक बुकिंग येतात.

सध्या आम्ही मराठवाड्यातल्या घरांमधले यात्रांचे हिशेब जमवतो आहोत. आजोबा-पणजोबांच्या वहीत काशी, रामेश्वर, गिरनारच्या यात्रेचा खर्च, मुक्कामांची नावं, बैल किंवा रेल्वेचं भाडं लिहिलेलं असेल, तर ती वही आम्हाला फक्त पाहू द्या. आम्ही तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर फोटो काढतो आणि वही तिथंच ठेवून निघतो. उदगीर, कंधार, वसमत या बाजूची एकही वही अजून आमच्याकडे आलेली नाही.