नऊ अंश की पाच?

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला थंड ठेवणारा नवा कूलर बसवला आणि पहिल्याच चाचणीत प्रोसेसर ८४ वरून ७५ अंशांवर आला. नऊ अंश! मी खूश. मग आठवलं, जुन्याची चाचणी भर दुपारी घेतली होती, नव्याची मध्यरात्री. खोली तेव्हा ३१ अंशांवर होती, आता २७. खोलीचं तापमान वजा केलं तर ५३ विरुद्ध ४८, म्हणजे फरक पाचच.

माझा प्रोसेसर रायझेन ७ ५७००एक्स. कागदावर ६५ वॉटचा, पण सगळे कोअर कामाला लागले की ७६ वॉटपर्यंत खेचतो. जुना कूलर छोटा, ९२ मिलिमीटर फॅनचा. नव्याला उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांचा उभा टॉवर आणि १२० मिलिमीटरचा फॅन.

आता निकाल नीट लावायचा, तर जुना परत बसवणं आलं. तो पहिल्यांदा काढताना मी सरळ वर ओढला होता. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली. कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला, त्याला जागी पकडणारा लीव्हर बंद असताना! खाली १३३१ पिना. टॉर्च लावून एकेक ओळ पाहिली. एकही वाकली नव्हती, निव्वळ नशीब. यावेळी आधी दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारं चाचणीचं सॉफ्टवेअर) चालवून पेस्ट गरम केली, मशीन बंद केलं आणि नवा कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवला.

दुसऱ्या फेरीत दोघांचा आवाज सारखा ठेवला. फोनवरचं डेसिबल ॲप अचूक नसतं, पण फोन एकाच जागी ठेवला तर तुलनेपुरतं चालतं. नव्याइतकं शांत करायला जुन्याचा फॅन १९०० वरून १३०० आरपीएमवर आणावा लागला. अर्ध्या तासात प्रोसेसर ९० अंशांवर जाऊन थांबला. ती त्याची कमाल मर्यादा. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे पुढे अंश बघण्यात अर्थ उरत नाही, क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, बघायचा. तो ४ गिगाहर्ट्‌झवरून ३.८५ वर घसरला होता. त्याच आवाजात नवा मात्र खोलीपेक्षा ४९ अंश वर, क्लॉक जागच्या जागी. मला हवा होता तो फरक इथे दिसला.

एक घोळ उरलाच. शेजारच्या रॅमच्या पट्ट्या उंच असल्यामुळे नव्याचा फॅन क्लिपवर थोडा वर सरकवला होता, आणि सगळ्या चाचण्या कॅबिनेट उघडं ठेवून झाल्या. झाकण लावायला गेलो तर ते फॅनला टेकलं. शेवटी फॅन टॉवरच्या मागे, हवा ओढेल असा लावला. झाकण बसलं, तापमान तीन अंश वाढलं.

झाकण लावून जुन्याचीही चाचणी घ्यायला हवी, हे कळतंय. पण तो तिसऱ्यांदा बसवायचा म्हटलं की त्या पिना डोळ्यांसमोर येतात.