सर्व्हे भरतं कोण?

गेम डिझाइन करताना फॅन लोकांना विचारायचं की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही, विचारायचंच, फक्त काय विचारायचं ते कळलं पाहिजे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन खेळायच्या गेमच्या पाचव्या आवृत्तीआधी २०१२ पासून वर्षभराहून जास्त काळ नियमांचे मसुदे सगळ्यांना खुले होते, लोक खेळायचे, सर्व्हे भरायचे, मग २०१४ ला पुस्तकं आली. पाथफाइंडर या तशाच गेमनेही २०१८ मध्ये दुसऱ्या आवृत्तीचं तसंच केलं.

पण सर्व्हे भरतं कोण? ज्यांना गेम जाम आवडलाय ते, नाहीतर ज्यांचं डोकं फिरलंय ते, मधले लोक फॉर्मची लांबी बघूनच टॅब बंद करतात. म्हणून "आवडला का?" ला पाचपैकी चार आले तरी मी फारसा हुरळत नाही. "कुठे कंटाळा आला", "कुठला नियम परत उघडून बघावा लागला" असं विचारलं की खरं बाहेर येतं.

आणि लोक उपाय सुचवतात ना, "अजून एक फासा द्या", "कार्डं वाढवा", तो उपाय बहुतेक वेळा सोडून द्यायचा पण दुखणं मात्र लिहून ठेवायचं, कारण फासा मागणाऱ्याला बऱ्याचदा फासा नकोच असतो, बाकीच्यांची खेळी चालू असताना आपल्याला काहीतरी करायला हवं असतं एवढंच. आणि हो, नुसते नियम वाचून दिलेली मतं (ही भरपूर येतात!) वेगळ्या कप्प्यात ठेवा, त्यासाठी फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न टाका, किती वेळा खेळलात?