कर्सर शब्दाच्या पोटात का शिरतो?

"इंग्रजी ओळींवर नीट चालतंय, पण मराठी ओळ आली की कर्सर शब्दाच्या पोटातच शिरतो," अशी तक्रार घेऊन भाषांतरं तपासणारी सहकारी माझ्याकडे आली. तिचं सगळं काम व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये. अडलेलं मॅपिंग, म्हणजे एका कळीला जोडलेली आज्ञांची मालिका, साधंच होतं: नुकत्याच टाइप केलेल्या शब्दाभोवती ठळक अक्षरांचे टॅग लावायचे आणि कर्सर शब्दाच्या शेवटी, बंद होणाऱ्या टॅगच्या अलीकडे ठेवायचा, म्हणजे प्रत्यय लगेच जोडता येतो.

मी तिला 'मराठी' टाइप करायला सांगितलं. टॅग अचूक लागले, कर्सर मात्र 'रा'वर. पुन्हा केलं, पुन्हा 'रा'च. म्हणजे गोम हिशेबात होती.

स्क्रिप्टमध्ये शब्दाची लांबी 'स्ट्रकॅर्स' या व्हिमच्या फंक्शनने काढून, ओळीतली जागा सांगणाऱ्या 'कॉल'च्या आकड्यात मिळवली होती. स्ट्रकॅर्स चिन्हं मोजतं, कॉल बाइट मोजतं. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत साध्या रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. काना आणि वेलांटी धरून 'मराठी'त चिन्हं ५, म्हणजे बाइट १५. कर्सर १५ ऐवजी ५ बाइटच सरकला, 'र'च्या शेवटच्या बाइटवर पडला आणि व्हिमने त्याला त्या अक्षराच्या सुरुवातीला आणून ठेवलं. स्ट्रकॅर्सच्या जागी बाइट मोजणारं 'स्ट्रलेन' घातलं आणि कर्सर 'ठी'च्या पुढे जाऊन बसला. साध्या इंग्रजीत दोन्ही आकडे सारखेच निघतात, म्हणून हा दोष तिथे दिसतच नाही. देवनागरीत लिहिणाऱ्याने मॅपिंग देवनागरी ओळीवरच तपासावं, असं मला मनापासून वाटतं.

मग बाकीच्या अडचणीही निघाल्या. ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा पुसणारं मॅपिंग कर्सरला शेवटच्या बदललेल्या ओळीवर सोडून देत होतं. आधी पडद्याची आणि कर्सरची जागा लक्षात ठेवणारं 'विनसेव्हव्ह्यू', नंतर ती परत आणणारं 'विनरेस्टव्ह्यू' घातलं. नुसता कर्सर परत आणला तर पडदा सरकलेलाच राहू शकतो. या जोडीने दोन्ही जागच्या जागी येतात.

शेवटी कंसांची जोडी. दोन्ही कंस टाइप करून डाव्या बाणाने आत यायचं, असं ते मॅपिंग. पण इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे टाइप करताना, बाण दाबला की व्हिम तिथे अनडूची (केलेलं मागे घेण्याची) साखळी तोडतं. त्यामुळे अनडूची कळ 'यू' दाबल्यावर आतलं वाक्य जायचं, रिकामे कंस उरायचे. बाणाच्या आधी कंट्रोल-जी आणि मोठं यू टाकलं, म्हणजे साखळी तुटत नाही. तिने कंसात एक वाक्य लिहिलं, एस्केप केलं, 'यू' दाबलं आणि कंसांसकट सगळं एका फटक्यात गेलं. "आता बाकीची मॅपिंगही काढते," म्हणत तिने सेटिंगची फाइल उघडली.