‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’

शिवाजीनगर कोर्टात न्यायदंडाधिकाऱ्यांनी हे विचारलं तेव्हा माझा धाकटा भाऊ म्हणाला, “नाही.” त्याचा दंड धरून उभा असलेला हवालदार रात्री पट्ट्याने मारणाऱ्यांतलाच होता. तो एक शब्द पुढे सव्वा वर्ष आम्हाला नडला.

जून 2022. नाकाबंदीवर बाचाबाची झाली, त्याला ठाण्यात नेलं आणि वर त्याच्यावरच तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 353 लावलं, सरकारी कामात अडथळा म्हणून. मार तळपायांवर दिला होता. चप्पल घातली की दिसत नाही. पण तो पावलांच्या कडांवर चालत होता, आणि ते आमच्या वकीलबाईंनी पायऱ्यांवरच हेरलं. त्यांनी तिथल्या तिथे वैद्यकीय तपासणीचा अर्ज लिहिला. आरोपीला तो हक्कच आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ससूनमध्ये डॉक्टरांनी कसं लागलं म्हणून विचारलं, तेव्हा मात्र तो बोलला. कागदावर आलं : दोन्ही तळव्यांना सूज, उजव्या मांडीवर लांबट काळेनिळे वळ. तो कागद नसता तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं, असं मी आजही मानते.

पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण 18 महिने, निदान वर्षभर तरी जपलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितलं आहे. मी आठव्या दिवशी माहिती अधिकारात अर्ज केला. चित्रण पुसू नका असं वेगळं पत्रही दिलं, पोच घेतली. उत्तर आलं, कॅमेरा नादुरुस्त. हेच उत्तर आम्ही पुण्यातल्या विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणापुढे ठेवलं.

सुनावणीत त्या ‘नाही’वरून त्याला बरंच खोदून विचारलं. तो एवढंच म्हणाला, “साहेब, त्यांचा हात माझ्या दंडावर होता.” त्यानंतर बराच वेळ कोणी काही विचारलं नाही.

दोघा पोलिसांच्या खातेनिहाय चौकशीची शिफारस झाली. भरपाईसाठी मात्र उच्च न्यायालयात वेगळी याचिका करावी लागली. कोठडीतल्या अत्याचाराबद्दल सरकारने भरपाई द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयात निलाबती बेहेरा या कोठडीमृत्यूच्या प्रकरणात 1993 मध्येच ठरलेलं आहे, असं वकीलबाई सांगतात. याचिका प्रलंबित आहे. 353 चा खटलाही चालूच आहे, आणि प्रत्येक तारखेला भाऊ मला सोबत घेऊन जातो.