परसातल्या मोकळ्या कोंबड्या : खुराडं, गडगा आणि घार

मे अखेर : खुराडं आणि आवार पूर्ण

कोकणातलं परस, १४ गावठी पक्षी. खुराडं ६ × ५ फूट. दिवसभर बाहेर चरणाऱ्या कोंबड्यांना रात्रीपुरती प्रत्येकी २ चौरस फूट जागा पुरते. तळ चिऱ्याच्या खांबांवर २ फूट उंच घेतला आहे, त्यामुळे घुशीला खाली आडोसा मिळत नाही आणि विष्ठा झाडून काढता येते.

बाजारात कोंबडी जाळी म्हणून मिळते ती षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, लहान साप तिच्या छिद्रातून आत येतो. म्हणून सगळीकडे अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश (तारा सांधून केलेली चौकोनी जाळी), वॉशर लावून स्क्रूने आवळलेली. नुसत्या खिळ्यांवर ठोकलेली जाळी पहिल्याच पावसात लाकूड फुगलं की सैल पडते.

खुराड्याला जोडून १० × ८ फुटांचं जाळीचं आवार आहे. त्याच्या बुडाशी हीच जाळी बाहेरच्या अंगाला दीड फूट आडवी पसरली आणि वर माती लोटली. कुत्रा असो की मुंगूस, उकरायला सुरुवात करतो ती भिंतीच्या अगदी बुडाशी. तिथे पंजे जाळीवर अडकतात आणि मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. जाळी उभी पुरण्यापेक्षा हे काम हलकं, आणि जांभ्या दगडात चर खणावा लागत नाही.

दाराला कडी-कोयंडा आणि कोयंड्यात पिन. नुसती कडी धक्क्यांनी सुटते.

जून मध्य : सोडण्याची वेळ

जाळीइतकंच राखण वेळ करते. उदमांजर आणि रानमांजर बहुतेक रात्री फिरतात, मुंगूस मात्र दिवसाचा शिकारी, आणि कोकणात त्याचं घर म्हणजे गडगा, दगड रचून केलेलं कुंपण. गडग्यालगतचं १० फूट गवत कापून टाकलं. उघड्यावरून यायला मुंगूस कचरतं.

कोंबड्या सकाळी १० नंतरच सुटतात. तोवर बहुतेकींची अंडी घालून झालेली असतात, त्यामुळे ती झुडपात न जाता खोक्यातच मिळतात. (खोकी फूटभर लांब-रुंद, चार कोंबड्यांमागे एक.) संध्याकाळी सूर्यास्ताच्या तासभर आधी डबा वाजवून कणी टाकायची. चरणाऱ्या कोंबडीला दिवसाला ५०-६० ग्रॅम वरचं खाद्य दिलं, तर त्यातलं निम्म्याहून जास्त याच वेळी. सकाळी पोटभर दिलं तर डबा कितीही वाजवा, कोणी फिरकत नाही. दार लावण्याआधी मोजणी.

घारीचा आणि शिक्र्याचा धोका मुख्यतः पिल्लांना. सहा आठवड्यांपर्यंत पिल्लं आवारातच, किंवा थोडा वेळ डालग्याखाली. आवारावर मासेमारीचं जुनं जाळं ताणलं आहे, ७ फुटांवर. ते खाली लोंबू देऊ नका. जमिनीवरच्या नायलॉनमध्ये धामण अडकून मरते, आणि धामण गेली की उंदीर वाढतात. मोकळ्या भागात दर १०-१२ फुटांवर अडुळसा किंवा जास्वंदीचं झुडूप हवं, एका धावेत गाठता येईल असं.

आणि कोंबडा ठेवाच, ८-१० कोंबड्यांमागे एक. त्याचे इशारे दोन. आकाशात घार दिसली की एक लांब, बारीक चीत्कार, आणि कोंबड्या झुडपाखाली दबतात. जमिनीवर कुत्रा किंवा मुंगूस दिसलं की तुटक, थांबत-थांबत कोकाटणं, आणि सगळ्या माना ताठ करून उभ्या राहतात. दुसरा आवाज आला की काठी घेऊन निघा, पहिला आला की आधी वर पाहा.

चोर कोण?

पिल्लू नुसतंच गायब, पीसही नाही : घार, किंवा साप. मान आणि डोकं चावलेले एकाहून जास्त पक्षी, थोडंच खाल्लेलं : बहुधा मुंगूस. पिसं अंगणभर, पक्षी न खाता टाकलेले : कुत्रे. अंडं टरफलासकट नाहीसं : नागाची शक्यता धरून काठीने खोकं तपासा, हात घालू नका.

विष किंवा फासे अजिबात नकोत. मुंगूस, रानमांजर, उदमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय विषाचं आमिष आपल्याच कोंबड्या टोचतात. कुंपणाला घरची वीज थेट जोडणं तर माणसाच्या जिवावर बेततं.

पुढचं काम

खाऱ्या हवेत वेल्डमेश आधी जोडांपाशी गंजते. पाऊस ओसरला की प्रत्येक जोड स्क्रू-ड्रायव्हरने दाबून पाहायचा, जिथे तार तुटेल तिथे वितभर जास्तीचा तुकडा बांधायचा. जाळ्याच्या दोऱ्याही तेव्हाच बदलायच्या.