डिझेल एकशे बावीस, आणि बर्फाचा हिशोब

होळीला आमच्याकडे सगळ्या बोटी बंदरात असतात. धुळवड झाली की सगळ्यांना एकदम निघायचं असतं आणि सगळ्यांना एकदम डिझेल हवं असतं. २०२२ च्या मार्चमधला तो सोमवार नेमका तसा होता. मी मुंबईत मढ-भाटीच्या बाजूला एका मच्छीमार सहकारी सोसायटीत व्यवस्थापक आहे. सोसायटीचा डिझेल पंप आणि बर्फाचा कारखाना, दोन्हीच्या वह्या माझ्या टेबलावर असतात.

त्या दिवशी टँकरच्या आधी दर येऊन पोचला. लिटरला १२२ रुपये ५ पैसे. मालाडच्या रस्त्यावरच्या पंपावर तेच डिझेल त्याच सकाळी ९४ रुपये १४ पैशांना मिळत होतं. फरक जवळजवळ अठ्ठावीस रुपयांचा. मी आकडा दोनदा वाचला आणि अध्यक्षांना फोन लावला.

कारण समजायला अवघड नव्हतं, पचायला होतं. रस्त्यावरच्या पंपाचे भाव ४ नोव्हेंबर २०२१ पासून हललेच नव्हते. मध्ये पाच राज्यांच्या निवडणुका होऊन गेल्या, २४ फेब्रुवारीला युक्रेनचं युद्ध सुरू झालं, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कच्चं तेल पिंपाला १३९ डॉलरला टेकून आलं, तरी मोटारवाल्याला मुंबईत तोच भाव. घाऊक ग्राहकाला मात्र असं संरक्षण नव्हतं, त्याचा दर थेट जागतिक बाजाराबरोबर चढत गेला. आमची सोसायटी कंपनीकडून टँकरने माल घेते, म्हणून कागदावर आम्ही घाऊक ग्राहक. कारखाने, मॉल, एसटी महामंडळ यांच्या रांगेत बोटवालाही. त्याने तेल कुठे साठवून ठेवलेलं नसतं, तो ते जाळून समुद्रात जातो आणि उधारीवर परत येतो, हे त्या वर्गवारीत कुठेच बसत नव्हतं. याचा मला तेव्हा राग आला होता, आजही येतो.

नऊ वाजता पंपाजवळ गर्दी झाली. ट्रॉलरला आठ-दहा दिवसांच्या फेरीला अडीच हजार लिटर धरा. म्हणजे एका बोटीमागे एका फेरीला सत्तर हजार रुपये जास्त, जाळं पाण्यात पडायच्या आधीच. फेरीच्या खर्चात निम्म्याहून जास्त पैसा डिझेलचाच असतो, बाकी बर्फ, रेशन, खलाशांच्या उचली. मासळीचा भाव नाखवाच्या, म्हणजे बोटमालकाच्या, हातात नसतो, तो धक्क्यावर लिलावात ठरतो. वरचे सत्तर हजार तो कोणाच्या गळ्यात घालणार?

एका तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, टाकीत बांबूची काठी बुडवली, ओल्या खुणेवर अंगठा धरून बाहेर काढली आणि नाखवाला दाखवली. दोघं काहीच बोलले नाहीत. मग नाखवा माझ्याकडे वळून म्हणाला, "अर्धीच भर." त्याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना कळला. लांब जायचं नाही, जवळच्या पाण्यात जाळं टाकायचं, जिथे आधीच डोलीवाल्यांची, म्हणजे एका जागी जाळं बांधून मासे धरणाऱ्यांची, जाळी लागलेली असतात. डिझेल महागलं की समुद्रातली भांडणं वाढतात.

तेवढ्यात मालाडहून एक टेम्पो आला, मागे चार-पाच पिंपं. कुणीतरी रस्त्यावरच्या पंपावरून भरून आणली होती. मी त्याला म्हटलं, दादा, यावर तुम्हाला कराचा परतावा मिळणार नाही, तो सोसायटीच्या पंपावरच्या खरेदीलाच आहे. तो म्हणाला, "परतावा मागाहून येतो गं. माझी बोट आज निघते." याला उत्तर नव्हतं. शिवाय उन्हात टेम्पोवर उघडी डिझेलची पिंपं, बाजूला बिड्या ओढणारी माणसं. मी आधी बिड्या विझवायला लावल्या.

योगायोग असा की त्याच दिवशी दुपारी संचालक मंडळापुढे सौर पॅनेलवाल्यांना बोलावलेलं होतं. तारीख महिनाभर आधी ठरलेली. मला वाटलं बैठक पुढे जाईल. अध्यक्ष म्हणाले, "उलट आजच होऊ दे." मंडळाचे नऊ आणि दारात उभे राहिलेले वीस-पंचवीस, अशी ती बैठक झाली.

ठाण्याहून आलेला इंजिनियर हुशार होता. बर्फ कारखान्याचं छप्पर आणि शेजारची जाळ्यांची शेड मिळून पाच हजार चौरस फूट, किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट, म्हणजे पन्नास किलोवॉट. खर्च पंचवीस लाख. हे दर ३१ मार्चपर्यंतच, कारण १ एप्रिलपासून बाहेरून येणाऱ्या पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लागणार. आधीच्या ऑक्टोबरात जीएसटी पाचवरून बारा टक्के झालाच होता. मग त्याने देशातल्या सौर विजेच्या लिलावांचे आकडे सांगितले: २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या रीवाला २ रुपये ९७ पैसे युनिट, त्याच वर्षी मे महिन्यात राजस्थानातल्या भडल्याला २ रुपये ४४, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १ रुपया ९९.

मागून सगळ्यात वयस्कर नाखवा उठले. "पोरी, मना येक सांग. माजी बोट उन्हावर चालनार हाय का?"

लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या दिवशी तोच खरा प्रश्न होता. मी फळ्यावर हिशोब मांडला. शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे पंचाहत्तर किलोवॉट. तेवढ्या पॅनेलला साडेसात हजार चौरस फूट लागतील. तुमची बोट पन्नास फूट लांब, सोळा फूट रुंद, सगळी झाकली तरी आठशे. आणि रात्री जाळं ओढायचं तेव्हा ऊन नसतंच. नाही चालणार, नाखवा. कुणी चालेल असं सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

"मग ह्या काचा कशाला?"

दुसरा म्हणाला, गुजरातचे दोन रुपये आम्हाला कशाला सांगता, ते वाळवंटातल्या शेकडो मेगावॉटचे आहेत. तिसरा म्हणाला, उन्हाला भाव नाही हे खरं, पण काचेला आहे, आणि तोही एक तारखेला वाढतोय. मग डिझेलमध्ये आणि यात फरक काय राहिला? हा मुद्दा मला फार योग्य वाटला. सौर फुकट असं सांगणाऱ्यांनी अशा माणसांची नीट उत्तरं द्यायला हवीत. चौथ्याने १७ मे २०२१ ची आठवण काढली. तौक्ते वादळात आमच्याकडचे पत्रे उडून खाडीत गेले होते, बोटी एकमेकींवर आपटून फुटल्या होत्या. पत्र्याचं हे झालं, पॅनेलचं काय होईल? खारा वारा साधे बोल्ट वर्षभरात खातो, त्यात कावळे आणि समुद्रपक्षी. बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांच्या शेजारी काच स्वच्छ राहणार कशी?

इंजिनियरकडे याची तयारी कमी होती. गंजरोधक स्टीलचे बोल्ट आणि वाऱ्याच्या हिशोबाने बांधलेला सांगाडा त्याच्या कोटेशनमध्येच नव्हता. त्यामुळे खर्च वाढणार हे त्याने मान्य केलं.

मग मी बर्फाकडे वळले. आमचा कारखाना दिवसाला वीस टन बर्फाचा. उष्ण प्रदेशात लादीचा एक टन बर्फ करायला साधारण ५५ ते ७० युनिट वीज लागते. साठ धरा, म्हणजे दिवसाला बाराशे युनिट. अमोनियाचा कॉम्प्रेसर दिवसरात्र धडधडत असतो, मिठाच्या पाण्यात डबे बुडालेले असतात. पन्नास किलोवॉटचं सौर दिवसाला सरासरी दोनशे युनिट देईल. सहावा हिस्सा, जास्त नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक युनिट दुपारीच कॉम्प्रेसर गिळून टाकणार. रात्रीसाठी बॅटरी नको. सौरविरुद्ध वादात माणसं नेहमी विचारतात, रात्रीचं काय, साठवण्याचा खर्च कोण देणार? आमच्याकडे दुपारचं ऊन लादीत गोठतं आणि पहाटे बोटीत उतरतं.

आणि पावसाळा. जून-जुलैत ढग असतात, पॅनेल सुस्त पडतात, हा सौरवरचा दुसरा नेहमीचा आक्षेप. १ जून ते ३१ जुलै आमची मासेमारी सरकारी आदेशानेच बंद असते. बोटी किनाऱ्यावर, बर्फाला गिऱ्हाईक नाही. ऊन कमी पडतं तेव्हा आम्हाला वीजही कमी लागते, आणि जी थोडी तयार होते ती नेट मीटरवर, म्हणजे वीज कंपनीला दिलेल्या युनिटांच्या हिशोबात, जमा होते. मी हे बोलले तेव्हा खोलीत पहिल्यांदा शांतता झाली. त्यात माझी कसली हुशारी नव्हती. वीजबिलांच्या थप्पीत जून-जुलैची बिलं पातळ असतात, ती वर्षानुवर्षं मीच भरत आले आहे.

त्या बिलात सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांच्या आसपास पडत होतं. त्यात इंधन समायोजन आकार नावाची एक ओळ असते. कोळसा महागला की ती ओळ बोलते. म्हणजे बर्फ जरी विजेवर होत असला तरी त्याच्या भावातही कोळसा बसलेलाच असतो, हे मी मंडळाला दाखवलं. वर्षाला सत्तर हजार युनिट वाचले तर सात लाख. धुणं, दुरुस्ती वजा करून सहा धरा. व्याज सोडलं तर चार-साडेचार वर्षांत पैसे वसूल, पुढची वीसेक वर्षं नफ्याची.

दारातून एक काकी म्हणाल्या, "ते सगलं ठीक. माजा बर्फ स्वस्त होनार का?" त्या रोज पहाटे धक्क्यावरून माल घेऊन मालाडच्या बाजारात बसतात. बर्फ त्यांना किलोवर घ्यावा लागतो आणि उरलेला डोळ्यांदेखत वितळतो.

मी भागाकार केला. कारखाना हंगामभर पूर्ण चालला तर सात लाखांची बचत किलोमागे बारा पैशांवर येते. बारा पैसे. मी तेच सांगितलं, फुगवून सांगण्यात काय अर्थ? काकी म्हणाल्या, एवढ्यासाठी पंचवीस लाख? मग मी जे मला मनापासून वाटतं ते सांगितलं. काकी, स्वस्त होईल असं मी म्हणत नाही. आपल्या बर्फाच्या सहाव्या हिश्श्याची किंमत आजच ठरेल आणि ठरल्यावर हलणार नाही, एवढंच म्हणते. डिझेलचा भाव आज सकाळी आपण बघितला. तो वाढवताना तुम्हाला, मला, नाखवांना कुणी विचारलं नाही. तेलाची किंमत युद्धावर, डॉलरवर, निवडणुकीवर ठरते आणि ती भरतो शेवटच्या टोकाचा माणूस, तीही मासळी विकायच्या आधी. पॅनेलच्या किमतीची घासाघीस आपल्याला टेबलावर बसून करता येते, ती एकदाच.

वयस्कर नाखवा बराच वेळ फळ्याकडे बघत होते. "बोटीचा काय ते सांगितलास ते बरा केलास," म्हणाले, आणि बसले. त्यांचं हे म्हणणं मला खूप मोलाचं वाटलं.

मंडळाने पन्नास नाकारून पंचवीस किलोवॉटला मंजुरी दिली, फक्त बर्फ कारखान्याच्या पक्क्या छपरावर, जाळ्यांची शेड वगळून. सांगाडा गंजरोधक स्टीलचा, वादळाचा विमा सक्तीचा, आणि पॅनेल धुण्याचं काम गावातल्याच दोन पोरांना पगारावर. डिझेलच्या दरासाठी दुसरा ठराव झाला: मच्छीमार सोसायट्यांना घाऊक ग्राहकांतून वगळून रस्त्यावरच्या पंपाचा दर लावावा, अशी मागणी. ते पत्र मी रात्री आठला टाईप केलं.

दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला, रस्त्यावरच्या पंपाचे भावही सुटले. मुंबईत डिझेल ९५ झालं आणि ६ एप्रिलपर्यंत १०४ रुपये ७७ पैसे. मालाडहून पिंपं आणणारा तो टेम्पो त्या पंधरवड्यातही येत राहिला, कारण घाऊक दर तरीही वरच होता. पॅनेलची आगाऊ रक्कम मी ३० मार्चला भरली. ठरावाची शेवटची ओळ काकींच्या आग्रहावरून घातली आहे: कर्ज फिटल्यानंतर सौरच्या बचतीतला अर्धा भाग बर्फाच्या किरकोळ दरात मासळी विकणाऱ्या बायांना देण्यात यावा.